तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं रानातली, मग कुंडीत कशाला?

कीटकभक्षी वनस्पती वाढवणाऱ्यांच्या संस्थेत मी आहे हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माशा कोण पकडून देतं?" कोणी नाही, त्यांचं त्या बघतात. दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण विचारणारा जरा चिडलेला असतो. "ही झाडं वाचवायची म्हणता आणि हौसेनं कुंडीत लावता. मग रानातून ती नाहीशी करणारे तुम्हीच ना?"

बऱ्याच अंशी, हो. दलदली बुजवून शेतं आणि घरं होतात, हे मोठं कारण आहेच. पण जिथे माणसाची वस्तीही नाही तिथून झाडं जातात, ती आमच्यासारख्या हौशी लोकांसाठीच उपटली जातात. बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात गुनुंग केलाम नावाचा एक उघडा खडकाळ डोंगर आहे. नेपेन्थिस क्लिपिआटा ही गोल पानांची घटपर्णी, म्हणजे पानाच्या टोकाला किडे पकडणारा घट लटकणारी वनस्पती, जगात फक्त तिथल्या कड्यांवर उगवते. संग्राहकांनी ती इतकी ओरबाडली की आज ती नामशेष होण्याच्या काठावर आहे. दातेरी पान मिटून माशी पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचं मूळ घर म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाचा किनारपट्टीचा भाग, बस्स. तिथून इतकी चोरी व्हायची की नॉर्थ कॅरोलायनानं डिसेंबर 2014 पासून तो गंभीर गुन्हा ठरवला. त्याआधी किरकोळ दंडावर सुटका व्हायची. ऊतीसंवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीकशा तुकड्यापासून, हेच रोप ढिगानं तयार होत असतानाही ही चोरी चालू होती, हे मला आजही कळत नाही.

हौस उपदेशानं जात नाही. तिला सरळ मार्गानं मिळालेलं रोप द्यावं लागतं. आणि ते एकट्यादुकट्याला जमत नाही, म्हणून संस्था.

घटपर्णीचंच घ्या. नेपेन्थिस या तिच्या कुळात नर झाड वेगळं, मादी वेगळी. पानावरून, घटावरून काही कळत नाही. काही वर्षं सांभाळल्यावर तुरा येतो तेव्हा उलगडा होतो. नराच्या फुलात मधोमध एक दांडी आणि तिच्या टोकाला परागकोशांचा पिवळा गोळा. मादीच्या फुलात तिथे हिरवी फुगीर बीजकोशी. तुमच्याकडे मादी फुलली, पण नर कुठल्या तरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या कोणाच्या काचघरात, तोही दोन महिन्यांपूर्वी फुलून गेलेला. अशा वेळी कामी येतो तो फ्रीजमधला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा. नर फुलला की त्यावर पराग झटकून घ्यायचे, घडी घालायची, वर नाव-तारीख लिहायची आणि कोरडं, थंड ठेवायचं. कोणाकडे मादी फुलली अशी बातमी आली की ती पुडी पोस्टानं रवाना. तिकडे बारीक कुंचल्यानं एकेका फुलावर पराग टेकवतात. पुढे बोंड तडकतं आणि आतून दोन्हीकडे शेपटी असलेलं, केसासारखं बी निघतं. ते फार टिकत नाही, ताजं असतानाच पेरावं लागतं. म्हणून बी वाटायचीही घाई.

दुसरी गोष्ट लेबलाची. एखादं रोप मूळ कुठल्या डोंगरावरच्या, कुठल्या दलदलीतल्या वंशाचं आहे याची नोंद हरवली, तर ते दिसायला कितीही देखणं असो, संवर्धनाच्या कामाचं राहत नाही. आंतरराष्ट्रीय कीटकभक्षी वनस्पती संस्था 1972 पासून नियतकालिक काढते, सभासदांसाठी बियाण्यांची पेढी चालवते, लागवडीतल्या नव्या वाणांची नावंही नोंदवते. या वाणांच्या नावांचं काही जणांना भलतंच वेड असतं. फ्लायट्रॅपच्या पानाचे दात जरा लांब निघाले की नवं नाव! मला त्यात फारसा रस नाही, पण त्यांच्या वर्गणीवर बाकीची कामं चालतात, म्हणून गप्प बसतो.

काही पथ्यं मात्र सक्तीची. रानात दुर्मीळ झाड दिसलं तर नेमकी जागा जाहीर करायची नाही. फोटोत फोनची स्थाननोंद राहिलेली नाही ना, तेही बघायचं. आणि घरातलं परदेशी रोप "तिथे छान वाढेल" म्हणून जवळच्या दलदलीत लावून यायचं नाही. उत्तर अमेरिकेतली सारासेनिया पुरपुरिआ ही कीटकभक्षी वनस्पती आयर्लंडच्या दलदलींत अशीच माणसांनी लावली. ती तिथे रुजली, पसरली आणि आता स्थानिक शेवाळाला, झाडांना जागा उरू देत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला जो भाग खरा आहे, तो कबूल करायलाच हवा. कुंडीतलं झाड म्हणजे रान नव्हे. या वनस्पती किडे खातात कारण त्यांच्या निकस, ओल्या जमिनीत नायट्रोजन-फॉस्फरस मिळत नाही. तिथे दुसरं फारसं काही वाढत नाही, म्हणून त्यांना ऊन मिळतं. शेतातलं खत वाहून आलं की गवत माजतं आणि त्या खाली दबतात. कॅरोलायनातल्या पाइनच्या माळांना तर अधूनमधून वणवा लागतो. आग विझवत राहिलं तर झुडपं वाढतात आणि फ्लायट्रॅप सावलीत मरतो. हे माझ्या खिडकीतून सुटणारं नाही. त्यासाठी जमीन राखावी लागते, झुडपं तोडावी लागतात, नियोजनानं जाळावं लागतं. संस्थेचे पैसे आणि सभासदांचे हात त्याही कामी लागले, तरच आमच्या काचघरांना अर्थ आहे, असं माझं मत. सगळ्या सभासदांना ते पटत नाही.

तेव्हा रोप घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला विचारा, बियांपासून केलंय, ऊतीसंवर्धनातून आलंय, की कुठून उपटलंय. उत्तर देताना तो घुटमळला तर घेऊ नका. आणि तुमच्याकडे आधीच एखादी घटपर्णी असेल, तिला तुरा आला असेल, तर "दिसायला बरा नाही" म्हणून छाटू नका. नर आहे की मादी बघा आणि आधी कळवा.