डबीतले सतरा दात

काल रात्री धाकटी ब्रश करता करताच बाहेर आली, तोंडात सगळा फेस, आणि त्या फेसातूनच म्हणाली, "आई, शेवटचा पण हलायला लागला." एवढं सांगून ती गेली चूळ भरायला आणि मी हातातलं काम तसंच सोडून कपाटातल्या त्या दोन डब्या काढून बसले. एकोणीस झाले, हा विसावा. वरची डावीकडची, सगळ्यात मागची दुधाची दाढ. ती अकरा वर्षांची आहे त्यामुळे सगळं वेळेवरच चाललंय, साधारण सहाव्या वर्षी खालचे पुढचे पटाशीचे दात पडायला सुरुवात होते आणि बाराव्याच्या आसपास या मागच्या दाढा गेल्या की दुधाचे दात संपले. हे मला माहीत होतं, तरी "शेवटचा" हा शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि पोटात कालवल्यासारखं झालं.

दोन डब्या आहेत, एक मोठ्याची आणि एक तिची, आत कापूस आणि कापसावर दात. सोबत एक छोटी वही. वहीत तारीख, कुठला दात, कुठे पडला, एवढंच लिहायचं असं ठरवलं होतं पण मला कुठे थोडक्यात लिहिता येतं. मोठ्याच्या पहिल्या नोंदीत लिहिलंय, "खाली, पुढचा, उजवीकडचा. दुपारी खेळताना. रडला नाही, रक्त बघून थोडा घाबरला, मग आरशासमोरून हलेचना." त्याच्याच पुढच्या पानावर दोन दात एकाच आठवड्यात, आणि खाली, "आता 'स' म्हणता येत नाही, सारखं स्वतःच म्हणून बघतो आणि हसतो." हे मी लिहिलं नसतं तर मला आज आठवलं असतं का? नसतं. त्याचं ते बोबडं 'स' जेमतेम दोन-तीन महिने टिकलं असेल, मग नवे दात आले आणि ते गेलंच.

आमच्या घरात दात पडणं हा एक कार्यक्रमच असायचा. दात हलतोय कळलं की पहिला नियम, ओढायचा नाही, दोरा बांधायचा नाही, ज्याचा दात आहे त्यानेच जिभेने हलवायचा आणि जेव्हा पडेल तेव्हा पडेल. त्यामुळे कितीतरी दिवस घरात सगळे त्या एका दाताची चौकशी करायचे, आज किती हलतोय, पुढे जातो का मागे, गोल फिरतो का. मग एकदा तो पडायचा. चूळ भरायची, स्वच्छ कापूस दाबून धरायचा, आणि दात धुवून पुसून घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेकदा ठेवायचा. हे तळहाताचं कोणी सुरू केलं आठवत नाही, पण ते चुकलं तर दोघंही चिडायची. मग वही, आणि मग रात्री उशीखाली दात आणि उंदीरमामाला पत्र.

उंदीरमामाच का, असं मोठ्याने एकदा विचारलं होतं. जगात कितीतरी ठिकाणी पोरांचा दात उंदराकडेच जातो, कुठे छपरावर टाकतात, कुठे बिळापाशी ठेवतात, कुठे उशीखाली. मी त्याला सांगितलं की उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच राहतात, त्याला सारखं काहीतरी कुरतडून ते झिजवावे लागतात, आणि हे खरंच आहे, तर ज्याला दातांची एवढी श्रीमंती आहे त्याच्याकडेच मागायला नको का नवा दात. त्याला ते एकदम पटलं. मग तो दात घेऊन का जात नाही, परत का ठेवतो, तर त्याचं बीळ छोटं, जागा नाही, बघून खूश होतो आणि सांभाळायला आमच्याकडे ठेवतो. असं करून दात डबीत यायचे.

पत्रांना उत्तरं मी लिहायचे. अगदी बारीक अक्षरात, कागदाच्या इवल्याशा तुकड्यावर, डाव्या हाताने, म्हणजे ओळखू येणार नाही. "दात पाहिला. खूप स्वच्छ घासलेला आहे. नवा दात पाठवला आहे, वाट बघ." एवढंच. मोठा सकाळी ते पत्र भिंग घेऊन वाचायचा. आठ वर्षांचा असेल, एका सकाळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "उंदीरमामाचा ळ तुझ्यासारखाच आहे." मी काही बोलले नाही, तोही नाही. थोडा वेळ माझ्या शेजारी बसून राहिला आणि मग म्हणाला, "तिला नको सांगूया." ती तेव्हा चार वर्षांची, तिचे सगळे वीसच्या वीस दात जागेवर होते.

आणि त्याने खरंच नाही सांगितलं. उलट एक गोष्ट झाली जी मी वहीत लिहिली आहे पण इथेही लिहायची आहे. धाकटी सात वर्षांची, वरचा पुढचा दात पडलेला, पत्र बित्र लिहून उशीखाली ठेवून झोपली. मला त्या दिवशी ताप होता, गोळी घेतली आणि मी पडले ती झोपूनच गेले. पहाटे जाग आली तशी धडपडत तिच्या खोलीत गेले, उशीखाली हात घातला तर उत्तर आधीच होतं. बारीक अक्षर, डाव्या हाताचं, ओळ तिरकी गेलेली. "दात मिळाला. तू शूर आहेस. पुढच्या वेळी पण मीच येईन." मोठा शेजारच्या पलंगावर पाठ करून झोपला होता. बोटाला शाई होती. त्याच्या कपाळावर हात ठेवून मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. त्यानंतरची सगळी पत्रं त्यानेच लिहिली, मला कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

मध्ये एकदा धाकटीच्या दाताचा एक्सरे काढला होता, दाढ दुखत होती म्हणून. डेंटिस्ट बाईंनी स्क्रीनवर दाखवलं, दुधाच्या दाढेच्या बरोबर खाली, हाडाच्या आत, नवा दात तयार होऊन बसलेला, आणि तो जसा वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं. म्हणून पडलेला दात एवढा छोटासा दिसतो, खाली पोकळ, मूळच नसतं त्याला. मला वाटायचं मूळ आत मोडून राहतं की काय. मग त्यांनी अजून एक सांगितलं जे ऐकून मी घरी येऊन डबी उघडून बसले. दुधाच्या पुढच्या दातांचं कवच घट्ट व्हायला सुरुवात होते ती बाळ पोटात असताना, चौथ्या महिन्याच्या आसपास. जन्माच्या क्षणी त्या कवचात एक बारीक रेघ पडते, मायक्रोस्कोपखाली दिसते, रेघेच्या आतलं पोटात असताना झालेलं आणि बाहेरचं जन्मल्यावरचं. म्हणजे माझ्या तळहातावर जो तांदळाएवढा दात आहे त्याचा एक थर तिच्या पहिल्या वाढदिवसाच्याही आधीचा, तिच्या जन्माच्याही आधीचा आहे, मी तिला पाहिलंही नव्हतं तेव्हा तो माझ्यात तयार होत होता. लोक म्हणतात पडलेले दात कशाला ठेवायचे, काय करायचंय त्याचं. काही करायचं नाहीये. माझ्याकडे त्या दिवसांचं दुसरं काही नाही, एवढंच आहे.

(एक सांगून ठेवते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं, सहाव्या वर्षी सगळ्या दातांच्या मागे जी नवी दाढ येते ती कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे लक्षातच येत नाही आणि आपण ती दुधाचीच समजतो. ती कायमची असते. तिथे ब्रश नीट पोचतोय का बघा.)

तर काल दोन्ही डब्या उघडल्या आणि दात मोजले. तिचे एकोणीस, बरोबर. मोठ्याचे सतरा. परत मोजले, सतराच. वही काढली, तिथेही सतरा नोंदी. एक मला माहीत होता, सात वर्षांचा असताना जेवता जेवता गिळला होता आणि खूप रडला होता, की आता उंदीरमामाला काय दाखवू, तेव्हा आम्ही दाताचं चित्र काढून ठेवलं होतं. ते चित्र अजून आहे वहीत. पण बाकीचे दोन?

त्याला विचारलं. पंधरा वर्षांचा आहे आता, आवाज फुटलाय, दारातून आत येताना वाकतो की काय असं वाटतं इतका उंच झालाय. म्हणाला, एक शाळेत पडला, बेसिनमध्ये वाहून गेला. आणि दुसरा? त्याने आठवून बघितलं, खरंच मनापासून, जीभ त्या जागेवर फिरवून. "नाही आठवत गं. पडला असेल कधीतरी."

मी हिशोब केला. त्याच्या मागच्या दाढा पडल्या तो काळ म्हणजे अकरा-बारा वर्षांचा असतानाचा, म्हणजे बरोबर तेच दिवस जेव्हा तो रात्री जागून धाकटीला डाव्या हाताने पत्रं लिहीत होता. स्वतःचे दात पडत होते आणि तो उंदीरमामा झाला होता, मग त्याने ते कोणाच्या उशीखाली ठेवायचे. आणि मी धाकटीच्या पुढच्या दातांमध्ये एवढी गुंतले होते की याचं तोंड उघडून कधी बघितलंच नाही. पहिल्या दाताला अख्खं घर गोळा झालं होतं आणि विसावा कुठल्या दिवशी गेला ते कोणालाच माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटलं, त्याला तसं सांगितलंही. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग त्याची डबी उचलून सगळे दात हातावर ओतले आणि एकेक करून परत कापसावर लावत बसला, पुढचे पुढे, दाढा मागे, तोंडात होते तसे. दोन जागा सोडल्या. गिळलेल्याचीही सोडली, म्हणजे तीन.

धाकटीला उंदीरमामाचं केव्हाच कळलंय, दोन वर्षं तरी झाली असतील. तरी ती दर वेळी पत्र लिहिते आणि तो दर वेळी उत्तर देतो, आणि सकाळी दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत.

रात्री झोपायच्या आधी तिच्याजवळ गेले. मला वाटलं आता मोठी झाली, नको म्हणेल, पण तिने दिवा लावला, उताणी झाली, मोठा आ केला आणि माझं बोट धरून स्वतःच दाढेवर नेऊन ठेवलं. "हळू हां, मी जिभेनेच पाडणार आहे." मी हळूच दाबून बघितलं. पुढे-मागे हलतेय थोडीशी, बाजूला अजिबात नाही. अजून दोन आठवडे तरी जातील असं वाटतं.