माझा अनुभव: रीलोडिंग प्रेस, चेंगरलेलं नख आणि विम्याचं पत्र

घरी काडतुसं भरायची (रीलोडिंग: वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत हाताच्या प्रेसवर पुन्हा दारू आणि गोळी घालायची) म्हटलं की सगळ्यांना भीती वाटते ती दारूची. पुस्तकांत दाबाचे तक्ते आणि दुप्पट दारू पडण्याचे इशारे पानोपानी असतात, आणि ते असायलाच हवेत. बोटांचं मात्र ‘हात दूर ठेवा’ एवढ्यावर भागवलेलं असतं. हात दूर ठेवून गोळी पुंगळीवर उभी कशी करायची, हे कोणी लिहीत नाही. माझा राग त्या एका ओळीवर आहे. (हे सगळं अमेरिकेतलं. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या मंडळींनी नुसतं वाचावं.)

पुंगळ्या धुणं, साइझिंग (पुंगळी दाबून मूळ मापावर आणणं), प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बसवणं, दारू मोजणं यांत बोटांना फारसं काही होत नाही. साइझिंगला एकच जपायचं. पुंगळी शेलहोल्डरमध्ये (तिचं बूड धरणाऱ्या खाचेत) पूर्ण आत सरकवायची आणि हात काढून घ्यायचा. ती अर्धवट बसली की माणूस अंगठ्याने धरून ठेवतो, आणि अंगठा पुंगळीच्या तोंडासकट डायखाली (प्रेसच्या वरच्या पोलादी साच्याखाली) जातो.

खरी गाठ पडते ती गोळी बसवताना. हँडल खाली ओढलं की रॅम, म्हणजे पुंगळी डायमध्ये नेणारा दांडा, वर जातो. प्रेसच्या सांध्यांची रचना अशी असते की रॅम वर जाईल तसे दांडे सरळ रेषेत येतात आणि जोर कित्येक पटींनी वाढतो. ९ एमएमची पुंगळी जेमतेम ०.७५ इंच लांब, त्यामुळे तिचं तोंड डायच्या कडेला भिडतं ते रॅमच्या शेवटच्या पाऊण इंचात, म्हणजे नेमकं जोर वाढलेला असताना. मध्ये बोट आलं तर हँडल धरलेल्या हाताला काहीच अडकल्यासारखं वाटत नाही. पितळ आणि बोट यांतला फरक हँडलवर कळत नाही, तो दुसऱ्या हाताला कळतो. .२२३ सारख्या रायफलच्या लांब पुंगळीत ही गाठ जरा आधी पडते आणि तिथे जोर कमी असतो, पण नखाला तोही पुरून उरतो.

आता बोट तिथे जातंच का? गोळी उभी राहत नाही म्हणून. ती कलते, मग ती धरून डायपर्यंत पोचवावी लागते. ९ एमएमची ११५ ग्रेन वजनाची गोळी अर्ध्या इंचाच्या आसपास असते, धरायला जागाच नाही. माझं ठाम मत आहे की चेंगरलेल्या बोटाचं कारण गोळी बसवण्याच्या पायरीवर शोधूच नये. ते त्याच्या आधी, तोंड फाकवण्याच्या पायरीवर असतं.

पिस्तुलाच्या सरळ पुंगळीचं तोंड एक्सपांडर डायने किंचित फाकवतात. पुष्कळ जण यात हात आखडता घेतात, कारण जास्त फाकवलं तर पितळ लवकर तडकतं. ते खरंच आहे. पण कमी फाकवलं तर गोळी टेकूनही डुगडुगते. माझी चाचणी सोपी आहे: फाकवलेल्या तोंडावर गोळी ठेवायची, ती १/३२ ते १/१६ इंच आत उतरून आपली आपण उभी राहायला हवी आणि पुंगळी थोडी तिरकी केली तरी पडता कामा नये. पडली तर एक्सपांडर १/८ फेरा खाली घ्यायचा आणि पुन्हा बघायचं. फाकलेलं तोंड सीटिंग डायच्या कडेला अडकायला लागलं की फाजील झालं, तेव्हा तेवढंच मागे यायचं. उरलेला फाक शेवटी क्रिंप करताना (तोंड गोळीवर आवळताना) मिटतोच.

यात एक छुपी गोम आहे. नेमबाजीच्या रेंजवरून गोळा केलेल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांची लांबी सारखी नसते. एकाच सेटिंगवर लांब पुंगळी जास्त फाकते, आखूड पुंगळी कमी. म्हणून पन्नासांतल्या पंचेचाळीस व्यवस्थित जातात, उरलेल्या पाचांवर गोळी कलते, आणि तोवर हाताला लय लागलेली असते. बोट जातं ते त्या पाचांत. डाय लावताना सर्वांत आखूड पुंगळी हाताशी ठेवावी आणि चाचणी तिच्यावर करावी. नाहीतर पुंगळ्या बुडावरच्या कंपनीच्या शिक्क्यांप्रमाणे वेगळ्या कराव्यात. कंटाळवाणं आहे, पण नख परत यायला जो वेळ लागतो त्यापेक्षा बराच कमी.

रायफलच्या बाबतीत तोंड सहसा फाकवत नाहीत. तिथे आतल्या कडेला चॅम्फर टूलचे (कड तासून उतरती करणाऱ्या हत्याराचे) दोन-तीन हलके फेरे द्यावेत, विशेषतः .२२३ ची पुंगळी १.७५० इंचांवर कापल्यानंतर. कापलेल्या तोंडाला आतबाहेर धारदार कीस राहतो, आणि डब्यातून मूठभर पुंगळ्या उचलताना बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात त्या यानेच. मागून निमुळती असलेली ‘बोट-टेल’ (boat-tail) गोळी सहज उभी राहते, सपाट बुडाची त्रास देते. सपाट बुडाचीच वापरायची असेल तर दोन टप्प्यांत तोंड उघडणारा एम प्रकारचा एक्सपांडर घ्यावा, त्यात गोळी सरळ बसून राहते. बाजूला खिडकी असलेली सीटिंग डायही मिळते. गोळी खिडकीतून टाकायची, बोट रॅमच्या वाटेत येतच नाही. महाग आहे, पण .२२ च्या बारीक गोळ्यांना जाड बोटं घेऊन बसणाऱ्याने तिचा विचार करावा.

प्रोग्रेसिव्ह प्रेसची (एका ओढीत सगळ्या पायऱ्या करणाऱ्या) तऱ्हा वेगळी. डावा हात गोळी ठेवतो, उजवा हँडलवर. शेलप्लेट, म्हणजे पुंगळ्या धरणारी तबकडी, झटक्याने फिरते, नुकती ठेवलेली गोळी कलंडते, आणि उजवा हात खाली निघालेला असताना डावा ती सावरायला परत धावतो. कलंडली तर कलंडू द्या. हँडल सोडा, मगच डावा हात आत घाला. झटका कमी करायला शेलप्लेटखाली बेअरिंग आणि जरा नरम स्प्रिंग बसवता येते, त्याने दारू सांडायचीही थांबते. उजेडासाठी प्रेसला एलईडीची पट्टी लावा. आणि एकाने हँडल ओढायचं, दुसऱ्याने गोळ्या ठेवायच्या, हा बापलेकांचा लाडका प्रकार पूर्ण बंद. जाड हातमोजेही नकोत, त्यांत स्पर्श जातो आणि कापड डायखाली ओढलं जातं. पातळ नायट्राइलचे चालतात. चिरांतून शिशाची घाण जाऊ नये म्हणून ते हवेतच, कारण वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.

चेंगरलंच तर पहिलं काम अंगठी काढायची, सूज आल्यावर ती निघत नाही. मग साबणपाण्याने धुवायचं, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, हात छातीच्या वर. नखाखाली रक्त साकळून ठणका लागला तर डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून ते काढतात आणि ठणका लगेच उतरतो. याचा उपयोग पहिल्या एक-दोन दिवसांतच. घरी तापवलेल्या पेपरक्लिपने हे करू नये, खालचं हाड मोडलेलं असू शकतं आणि मग भोक म्हणजे जंतूंना वाट. टोक बधिर असेल, बोट सरळ होत नसेल किंवा नख मुळातून उचललं असेल तर एक्स-रे हवाच. तो बहुतेक अर्जंट केअरमध्ये (किरकोळ तातडीच्या दवाखान्यात) होतो, त्यासाठी इमर्जन्सीचं बिल ओढवून घेऊ नये. धनुर्वाताची शेवटची सुई कधी घेतली ते आठवून जा: मळकी जखम असेल तर पाच वर्षांनंतर पुन्हा देतात, स्वच्छ असेल तर दहा.

दवाखान्याच्या काउंटरवर ‘ॲम्युनिशन’ (दारूगोळा) हा शब्द पहिला उच्चारलात की समोरचा माणूस सावध होतो. गोळी लागल्याच्या जखमा पोलिसांना कळवणं बहुतेक राज्यांत बंधनकारक आहे, त्यामुळे त्याचं चूक नाही. काहीही न लपवता, पण नेमक्या क्रमाने सांगा: हाताने चालवायच्या बेंच प्रेसमध्ये बोट चेंगरलं, घरी, नोकरीशी संबंध नाही, बंदूक किंवा स्फोट नाही. प्रेस कशाचा ते विचारल्यावर सांगायचं.

आणि मग ते विम्याचं पत्र. निदान दुखापतीचं असलं की कंपनी बिल अडवून प्रश्नावली पाठवते: अपघात कोणामुळे, कोणाच्या जागेत, गाडी होती का, कामावर होता का. यात दुसऱ्या कोणाच्या खिशातून पैसे काढता येतील का, एवढंच त्यांना बघायचं असतं. मी त्याला जाहिरात समजलो नाही हे नशीब, पाकीट तसंच दिसत होतं. उत्तर नाही दिलं तर दावा नाकारून सगळं बिल आपल्या नावावर येतं. ऑनलाइन भरा, पोस्टाने पाठवलेला कागद कुठे जातो देव जाणे. ‘तिसरा पक्ष नाही, घरी, कामाशी संबंध नाही’ एवढंच लिहा, आणि पोच म्हणून येणारा क्रमांक जपून ठेवा. माझ्याकडे तोच कागद पुन्हा मागितला गेला, तेव्हा तो क्रमांक सांगितल्यावरच कंपनीच्या बाई गप्प बसल्या.

नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण यायला सहा महिने धरा. तोवर सैल नखावर चिकटपट्टी लावा, नाहीतर ते पुंगळी कापायच्या ट्रिमरच्या कडेत किंवा खिशात अडकून निघतं. हाताने दाबायचा प्रायमर टूल या काळात बाजूला ठेवून बेंचवरचा वापरावा.

राहिलंच: डायमध्ये पुंगळी अडकली तर डाय हातात धरून ड्रिल करू नका. आधी डिकॅपिंगचा (जुना प्रायमर ढकलून काढणारा) दांडा काढता येईल तेवढा वर घ्या, डाय व्हाइसमध्ये पक्की करा, सात नंबरच्या बिटने पुंगळीच्या बुडाला भोक, त्यात आटे पाडायला १/४-२० चा टॅप, मग बोल्ट आवळून पुंगळी ओढा. बिट घसरला तर तळहातातच घुसतो. पुंगळीला थोडं जास्त ल्युब (वंगण) लावलं तर यातलं काहीच करावं लागत नाही. फार लावलं तर खांद्याला पोचे पडतात, पण ते पितळाला.