आमची वाटचाल : बसून राहणाऱ्या केबलचा हिशेब

सर्व्हर रूम उभ्या करून द्यायचा आमचा धंदा. सुरुवातीचं भांडवल म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं एक क्रिम्पिंग टूल, एक केबल टेस्टर आणि नेटवर्कचं उपकरण लॅपटॉपवरून सेट करायची निळी कन्सोल केबल. ते क्रिम्पिंग टूल अजून ड्रॉवरमध्ये आहे. नंतर घेतलेली भंगारात गेली, त्याची पकड मात्र अजून तशीच. पहिल्या नफ्यातून लेबल प्रिंटर घेतला. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल, पहिल्या स्विचची (नेटवर्कच्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्याची) केबल निळी, दुसऱ्याची पिवळी. ज्याला हे फाजील वाटतं, त्याने एकदा मध्यरात्री रॅकमागे उभं राहून बघावं.

पद्धत पहिल्यापासून एकच. सर्व्हरच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचना, त्याही दोन वेगळ्या नेटवर्क कार्डांतून, आणि लिनक्सवर ॲक्टिव्ह-बॅकअप बाँडिंग, म्हणजे दोन केबलची मिळून एकच जोडणी. एक केबल काम करते, दुसरी बसून राहते. दोन्हीकडे व्हीएलॅन, म्हणजे स्विचमधला नेटवर्कचा आभासी विभाग, तीच असली की झालं. स्विच वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी बिघडत नाही.

या ‘बसून राहते’वरच आमचा घात झाला. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडे एक प्रतिस्पर्धी गेला आणि म्हणाला, “यांनी तुमचे निम्मे पोर्ट झोपवून ठेवलेत.” त्याचा प्रस्ताव : प्रत्येक सर्व्हरला चार केबल, चारही एकाच स्विचला, एलएसीपी (अनेक केबल एकत्र बांधून सगळ्यांवर वाहतूक वाटायची पद्धत), चार गिगाबिट. ऐकायला झकास. पण एलएसीपीत एक फ्लो, म्हणजे एका कनेक्शनची वाहतूक, हॅशनुसार (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यानुसार) एकाच केबलवरून जातो, नाहीतर पॅकेटं मागेपुढे पोचतील. त्या ग्राहकाचा रात्रीचा बॅकअप एकाच टीसीपी कनेक्शनवरून चालायचा. केबल चार लावा की आठ, सेकंदाला साधारण 110 मेगाबाइटच्या वर तो जाणारच नव्हता. मी आयपर्फ हे वेग मोजायचं साधन लावून समोर दाखवलं. साहेबांनी मान डोलावली आणि ऑर्डर तिकडे दिली.

पुढचा काळ आठवू नये असा. पगार लांबले, चांगली पोरं गेली, काही त्या प्रतिस्पर्ध्याकडेच. तगलो ते पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टर बाईंमुळे. रॅक लावताना त्यांनी विचारलं होतं, “ही पिवळी वायर काय करते?”

“काही नाही, बाई. निळी जायची वाट बघते.”

“मग ती काढायची नाही,” एवढंच म्हणाल्या. त्या वर्षी देखभालीचे पैसे त्यांनी मागण्याआधीच आगाऊ पाठवले.

आणि मग महिनाअखेरीला त्या मोठ्या ग्राहकाच्या एकुलत्या एक स्विचचा पॉवर सप्लाय जळाला. सर्व्हर ठणठणीत, चार-चार केबल जागेवर, आणि सगळं ठप्प. प्रतिस्पर्ध्याकडे दुसरा स्विच नव्हता. फोन आम्हाला आला. आमचा जुना स्विच त्यांच्याच अडगळीत धूळ खात पडला होता. तोच पुसून लावला आणि पहाटेपर्यंत काम सुरू केलं. तरी पुढचं कंत्राट पुन्हा त्यालाच. आभाराची ओळही नाही. असो.

त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली.

बँडविड्थ खरंच हवी असेल तर आम्हीही एलएसीपी लावतो, पण एमलॅग असलेल्या, म्हणजे सर्व्हरला मिळून एकच भासणाऱ्या, दोन स्विचवर. स्टॅकवर, म्हणजे जोडून एकच उपकरण केलेल्या स्विचवर, भिस्त ठेवू नका. फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलताना बहुतेक वेळा अख्खा स्टॅक एकदम रीबूट होतो. आणि दोन्ही केबल साठ-साठ टक्के भरलेल्या असतील तर रिडंडन्सी (एक गेलं तरी दुसऱ्यावर काम चालणं) विसरा, एक गेली की उरलेलीवर एकशेवीस टक्के भार येतो. आयस्कझी (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कच्या) स्टोरेजला बाँडिंग नको, मल्टिपाथ लावा, म्हणजे डिस्ककडे जाणारे वेगवेगळे मार्ग. नुसत्या लिंकच्या दिव्यावरही विसंबू नका : स्विच गोठला तरी दिवा जळत राहू शकतो. ॲक्टिव्ह-बॅकअपला एआरपी मॉनिटरिंग लावा, ते पलीकडून उत्तर येतंय का हे विचारत राहतं. एलएसीपीला फास्ट रेट, म्हणजे पलीकडचा गप्प झाल्याचं 90 सेकंदांऐवजी 3 सेकंदांत कळतं.

काम सोपवताना आम्ही ग्राहकाच्याच हातून एका स्विचची पॉवर केबल उपटून घेतो. नेटवर्कची नाही, पॉवरची. कारण दोन्ही स्विच एकाच पॉवर पट्टीवर लावलेले सर्रास सापडतात. पिंग (सर्व्हर उत्तर देतोय का ते बघायची चाचणी) चालू राहिला की फॉर्मवर सही. तो फॉर्म मी बसून तयार केलाय. मागच्या एका टेंडरमध्ये त्या प्रतिस्पर्ध्याने जोडलेला फॉर्म पाहिला : शब्दन् शब्द आमचा, ‘रिडंडन्सी’तल्या आमच्या टंकनदोषासकट.