उंची, वजन आणि १७,६७० रुपये

दोन वर्षांत त्या मुलाची उंची एका सेंटिमीटरनंही वाढली नव्हती. दुसरीच्या पहिल्या सत्राला ११४, तिसरीच्या दुसऱ्या सत्रालाही ११४. वजन दोन्हीकडे १९ किलो. बाकी प्रगतिपुस्तक नजर लागावी असं: हजेरी ९७ टक्के, सगळ्या विषयांत ब-१.

मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी आहे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, म्हटलं की लोकांना आठवते ती प्रवेशाची लॉटरी, एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि पालकांच्या रांगा. त्या लॉटरीनंतरचं आमचं काम कुणाला दिसत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेनं २५ टक्के जागांवर वंचित आणि दुर्बल घटकांतली मुलं मोफत शिकवायची आणि सरकारनं त्यांचा खर्च शाळेला परत द्यायचा, यालाच प्रतिपूर्ती म्हणतात. सरकारचा स्वतःचा दरडोई खर्च किंवा शाळेची फी, यांत जे कमी असेल तेवढाच. आपल्याकडे हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये ठरला. कोविडच्या काळात तो ८,००० वर आणला होता. ज्या शाळेला सवलतीत जमीन मिळाली आहे आणि त्या बदल्यात काही मुलं मोफत शिकवण्याची अट आधीपासून आहे, तिला तेवढ्या मुलांचे पैसे मागता येत नाहीत, हेही कायद्यातच आहे. मी जमिनीचे कागद मागितले की मात्र माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

हे पैसे देण्याआधी आम्ही शाळेत जाऊन पडताळणी करतो. तिचं प्रपत्र असं असतं: मान्यतेचं नमुना-२ प्रमाणपत्र आहे का, फीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी आहे का, लेखापरीक्षण झालं का, प्रतिपूर्तीसाठी स्वतंत्र बँक खातं आहे का, आणि यादीतली मुलं शिकत आहेत का. यातलं शेवटचं सोडून सगळं झेरॉक्सवर भागतं. पोर्टलवर मुलाचं आधार वैध झालं की नावासमोर हिरवा रंग येतो, आणि हिरवा रंग दिसला की आमच्या कार्यालयातले निम्मे लोक पुढचं पान उलटतात. अहो, आधार वैध म्हणजे तो मुलगा या जगात आहे एवढंच. तो त्या बाकावर बसतो का, हे आधार कसं सांगेल?

ही गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरची. ते वर्षच विचित्र गेलं होतं. फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. आमच्या तालुक्यातल्या काही संस्थाचालकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, जुलैत ती अधिसूचना रद्दच झाली. प्रवेश लांबले, आणि आमच्या मागच्या वर्षांच्या पडताळण्या त्याहून लांबल्या. वरून तगादा आला तेव्हा एका आठवड्यात सगळा तालुका उरकायचा होता.

शाळा तालुक्याच्या गावची, इंग्रजी माध्यमाची, आठवीपर्यंत. रंगरंगोटी उत्तम. आम्ही गेलो तेव्हा चहाच्या आधी शाल आली. शाल मी घेत नाही आणि चहा पडताळणी झाल्यावर घेते, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे, तरी दरवेळी शाल आणतातच.

मला उंची-वजनाचा नाद आहे. प्रगतिपुस्तकातला हा रकाना कुणी वाचत नाही, म्हणून तो कुणी जपून भरत नाही. खोटं नाव चालवणारा माणूस गुण घालताना विचार करतो, हजेरी भरताना विचार करतो, पण मूल वाढतं हे विसरतो. त्या यादीत अशी न वाढलेली चार मुलं निघाली.

मग हजेरीपत्रकं मागवली. खरं हजेरीपत्रक घाणेरडं असतं. त्यावर चहाचा डाग असतो, वर्गशिक्षिका रजेवर असेल त्या आठवड्यात शाई बदललेली असते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असतो, बेरीज चुकलेली असते आणि ती लाल पेनानं दुरुस्त केलेली असते. एका बैठकीत भरलेली हजेरी लगेच ओळखू येते. आधी अक्षर सुबक, मग हात अवघडतो आणि महिनाअखेरीला हजेरीचे सगळे पी एकाच बाजूला कलतात. पण कलणारे पी हा पुरावा होत नाही. पुरावा मिळाला जुलैच्या पानावर. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी एक दिवस सुट्टी जाहीर केली होती. त्या तारखेच्या उभ्या रकान्यात वर्गशिक्षिकेनं वरून खाली ‘सुट्टी’ असं लिहिलं होतं, आणि तळाच्या त्या चार नावांसमोर त्याच शब्दाच्या शेपटावर पी गिरवलेले होते. सगळा जिल्हा घरात बसलेला असताना ही चार मुलं शाळेत हजर होती.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आज ती चौघंही आजारी आहेत.” मी म्हटलं, “चौघांच्याही घरी जाऊ या.” त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्यासोबत आलेल्या केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. केंद्रप्रमुख खिडकीबाहेर बघत होते. हे गृहस्थ वाईट नाहीत, पण त्यांचा पुतण्या त्याच शाळेत शिक्षक आहे आणि तालुक्यात सगळे कुणाचे ना कुणाचे पाहुणे असतात.

दोन मुलांची कुटुंबं कधीच पुण्याकडे कामाला गेलेली. एक मुलगी मामाच्या गावी. चौथा, १९ किलोवाला, सापडला पाच किलोमीटरवरच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत. चौथीच्या वर्गात दुसऱ्या रांगेत बसून भागाकार करत होता. चांगला उंच झाला होता.

तिथले गुरुजी मला बघून उठलेच. “मॅडम, बरं झालं आलात. हे लेकरू दीड वर्ष झालं बसतंय. दाखला देत नाहीत. ऑनलाइन विनंती टाकली, ती तिकडून स्वीकारत नाहीत. माझ्या पटावर याचं नावच येत नाही.”

एक मूल एका शाळेतून दुसरीत गेलं की नवी शाळा सरल या सरकारी पोर्टलवर विनंती पाठवते आणि जुन्या शाळेनं ती मान्य करायची असते. मान्य केली नाही की मूल कागदावर जुन्याच शाळेत राहतं. दाखला ताबडतोब द्यावा, दाखल्यासाठी मुलाचा प्रवेश अडवू नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम सांगतं. गुरुजींनी प्रवेश अडवला नाही. त्यांनी त्याला बसवलं, शिकवलं, पटावर नसताना जेवूही घातलं. पोषण आहारात पहिली ते पाचवीला डोई १०० ग्रॅम तांदूळ येतो तो पटावरच्या मुलांचा. याचा घास ते त्यातूनच काढत होते. म्हणजे जो मुलगा इथे शिकत होता, जेवत होता, तो सरकारी हिशेबात इथे नव्हताच. आणि जिथे तो पाऊलही ठेवत नव्हता तिथे त्याच्या नावानं वर्षाला १७,६७० रुपये मागितले जात होते. गुरुजी हळूच म्हणाले, “मॅडम, तांदळाचं लिहू नका.” मी लिहिलं नाही. लिहिणारही नाही.

दाखला का दिला नाही? आई बाजार समितीत धान्य चाळायला जाते. तिनं सांगितलं ते साधंच होतं. लॉटरीत नंबर लागला म्हणून घातलं. फी नाही म्हणाले, पण गाडीचे पैसे, उपक्रमाचे पैसे, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे. दुसरीत थकले. मुलाला वर्गाबाहेर उभं केलं. तिनं काढून घेतलं. “पैसे भरा अन् दाखला न्या म्हणले.”

केंद्राच्या नियमांनुसार या मुलांना पाठ्यपुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेशसुद्धा मोफत. जाहीर केलेल्या फीशिवाय घेतलेला कुठलाही पैसा कायद्याच्या भाषेत कॅपिटेशन फी ठरतो आणि त्यासाठी दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेराव्या कलमाखाली माझ्या तालुक्यात झालेला दंड मी अजून पाहिलेला नाही.

संध्याकाळी संस्थाचालक स्वतः आले. पांढरे कपडे, आवाज मऊ. “मॅडम, तुम्ही चार पोरांवर अडून बसलात. आमचे किती वर्षांचे पैसे सरकारकडे अडकलेत ते बघा की. एक हप्ता येतो, दुसऱ्याचा पत्ता नाही. मी शिक्षकांचे पगार कुठून करू?” त्यांचं हे म्हणणं खोटं नव्हतं. प्रतिपूर्ती राज्यभर थकते, आणि सरकार वेळेवर देत नाही म्हणून प्रामाणिक शाळाही मेटाकुटीला येतात. आमच्याच तालुक्यात एक बाई स्वतःचे दागिने ठेवून आरटीईची मुलं सांभाळताहेत. या गृहस्थांची गाडी बाहेर उभी होती, तिच्याकडे बघून दागिने आठवत नव्हते. त्यांचं बँक पुस्तकही मी चाळलं होतं. प्रतिपूर्तीचं खातं नियमाप्रमाणे स्वतंत्र. पैसे जमा झाले की दोन-तीन दिवसांत सगळी रक्कम संस्थेच्या खात्यात, आणि तिथून पुढे कुठे, हे विचारायला प्रपत्रात रकाना नाही. खातं आहे का? होय. झालं.

त्या चार नावांची मागणी वगळण्याचा आणि आधी दिलेल्या रकमेच्या वसुलीचा अहवाल मी केला. दाखला त्याच बैठकीत लिहून घेतला आणि सरलची विनंती समोर बसून मान्य करून घेतली. ते सोपं होतं. शाळा लगेच तयार झाली, कारण चार नावं गेली तरी बाकीची यादी शाबूत राहत होती.

मला अजून छळतं ते त्या बाकीच्या यादीतलं. ती मुलं खरी. वर्गात होती, वाढत होती, वह्या तपासलेल्या होत्या. प्रपत्रात सगळी ‘शिकत आहे’.

निघताना गाडीजवळ एक रिक्षावाले गृहस्थ थांबले होते. मुलगी सहावीत, आरटीईतली. इकडेतिकडे बघून त्यांनी मोबाईल पुढे केला. पावत्यांचे फोटो. वर शाळेचं नाव नाही, संस्थेचं. ‘उपक्रम निधी’, ‘क्रीडा निधी’, ‘ऐच्छिक देणगी’. तारखा दर जूनच्या. एका पावतीवर तर ‘ऐच्छिक’ शब्दाखाली पेनानं ‘पहिला हप्ता’ लिहिलं होतं.

“भाऊ, हे मला लेखी द्या. दोन ओळी पुरेत.”

“नाही मॅडम. लेकीला त्रास देतील.”

“नाव गुप्त ठेवीन.”

“सहावीत आरटीईची पोरगी एकच आहे मॅडम. कसं गुप्त राहील?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या शाळेत फी भरणाऱ्या पालकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, त्यात या मुलांना ‘फुकटे’ म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. मुलीला ते माहीत आहे म्हणाले. चांगल्या पगाराची माणसं आहेत ती, काही तर आमच्याच खात्यातली.

अहवालाच्या शेवटी मी शेरा लिहिला: ‘पालकांकडून अन्य शीर्षांखाली रकमा घेतल्या जात असल्याचे तोंडी समजते, संस्थेच्या पावती पुस्तकांची स्वतंत्र तपासणी व्हावी.’ गटशिक्षणाधिकारी साहेबांनी फाईल परत पाठवली. साहेब माणूस सरळ, पैसे न खाणारा, पण कागदापलीकडे एक पाऊल न टाकणारा. म्हणाले, “तोंडी म्हणजे काय, मॅडम? कुणी सांगितलं ते लिहा, नाहीतर वाक्य काढा. उद्या संस्था कोर्टात गेली तर?” मी म्हटलं, शाळेची नाही, संस्थेची पावती पुस्तकं मागवू. ते म्हणाले, संस्था सार्वजनिक न्यास आहे, तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे, आपल्या अधिकारात शाळा. कायद्यानं बोलत होते. शाळा आणि संस्था एकाच इमारतीत, एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या सहीनं चालतात. फक्त पावतीच्या मथळ्यापुरत्या त्या दोन असतात.

वाक्य मी काढलं नाही, मऊ केलं: ‘पालकांच्या बैठका कार्यालयाच्या उपस्थितीत घ्याव्यात.’ अशी बैठक झाली सुद्धा. संस्थाचालक पहिल्या रांगेत बसले होते आणि कुठल्याही पालकाची काही तक्रार नव्हती, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे.

२०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मी शिक्षिका होते. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली होती, म्हणजे एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये. तो सगळा खटाटोप डोकी मोजण्याचा होता आणि तो तेव्हा गरजेचाही होता. आम्ही अजून तेच मोजतो, आता फक्त शाईच्या जागी आधार आहे. डोकं भरलं की पैसे. त्या डोक्याच्या घरून शाळेनं वर आणखी किती घेतले, हे मोजायला आमच्याकडे काही नाही, आणि जे सांगू शकतात त्यांची मुलं त्याच शाळेच्या हातात.

बैठकीनंतर रिक्षावाले भाऊ एकदा बसस्थानकावर भेटले. भाडं सोडून दोन मिनिटं बोलले. “पावत्या जपून ठेवल्यात मॅडम. पोरगी आठवी झाली, दाखला हातात आला, की सगळ्या घेऊन येतो तुमच्याकडं.” मी बरं म्हटलं. ती आता सातवीत आहे. पुढच्या वर्षी माझी बदली आहे, आणि ज्या वर्षांच्या त्या पावत्या आहेत त्या वर्षांची प्रतिपूर्ती तोवर मंजूर होऊन खर्चीही पडलेली असेल. माझ्या जागी येणाऱ्यासाठी एक टिपण लिहून ठेवते आहे. त्यात त्या भाऊंचं नाव लिहायचं की नाही, हे अजून ठरत नाही.