पाटण विश्व: प्रवासवेळेचा तक्ता कुठवर आलाय

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या लेखकांनी मिळून उभारायला घेतलेल्या अंतराळ-कथाविश्वाचा, म्हणजे ताऱ्यांमधल्या प्रवासाला किती दिवस लागतील याचा, प्रवासवेळेचा तक्ता आता वापरण्याजोगा झालाय. मुख्य तळाचं नाव पाटण ठरलंय. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्यामुळे नावावर फार चर्चा झालीच नाही.

वेग कथेवरून ठरवला. मित्र ताऱ्यापर्यंतची (अल्फा सेंटॉरी, ४.३७ प्रकाशवर्षं) उडी, म्हणजे कथेतला प्रकाशाहून वेगवान प्रवास, १० दिवसांची हवी होती. ४.३७ × ३६५.२५ ÷ १० म्हणजे प्रकाशाच्या सुमारे १६० पट. याच हिशेबाने प्रश्वा २६ दिवस, अभिजित ५७ आणि स्वाती ८४. आधी ऐटबाज वेग निवडून मग वेळा काढल्या की कुठलं तरी कथानक मोडतंच.

दोन ताऱ्यांमधलं अंतर काढताना सूर्यापासूनच्या अंतरांची वजाबाकी करू नका. व्याध ८.६ आणि प्रश्वा ११.५ प्रकाशवर्षांवर, वजाबाकी २.९ येते, खरं अंतर ५.३ च्या आसपास आहे. विषुवांश, क्रांती (ताऱ्याची आकाशातली जागा सांगणारे दोन कोन) आणि अंतर यांवरून आधी क्ष, य, झ काढा. विषुवांशाच्या तासांना १५ ने गुणायचं आणि एक्सेलमध्ये अंशांचे रेडियन करून घ्यायचे. यातली एक पायरी सुटली तरी तक्ता तक्रार करत नाही, चुकीचं उत्तर मुकाट देतो.

सगळ्यात जास्त फरक पाडते ती उडीची सीमा. ताऱ्यापासून ठरावीक अंतराच्या आत उडी घेता येत नसेल, तर ते अंतर साध्या इंजिनाने कापावं लागतं. सतत १ जी (पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकं) त्वरण, निम्म्या वाटेवर यान उलटं फिरवून तेवढंच मंदन, असं धरलं तर दिवस = २.८६ × √(अंतर, खगोलीय एककांत; एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). सीमा ३० एककांवर ठेवली तर एका टोकाला १५.७ दिवस लागतात. मग मित्र एकूण ४१ दिवसांवर आणि अभिजित ८८ दिवसांवर. अंतर जवळजवळ सहापट, वेळ जेमतेम दुप्पट! विश्व आक्रसतं. भुसावळ–जळगाव गाडीचा बराच वेळ सुटण्याथांबण्यात जावा, तसलाच प्रकार. म्हणून सीमा ५ एककांवर आणली. आता दर टोकाला ६.४ दिवस.

कार्यकारणभाव सांभाळायला (प्रकाशाहून वेगवान यान निघण्याआधीच घरी परतू नये म्हणून) सगळ्या उड्या एकाच संदर्भचौकटीत मोजायच्या ठरल्या: वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या, म्हणजे महास्फोटानंतर विश्वभर उरलेल्या मंद प्रारणाच्या. सूर्य तिच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ३७० किमी वेगाने सिंह राशीच्या दिशेला जातोय. प्रकाशवेगाच्या ०.१२ टक्के, म्हणून हे सोडून द्यावंसं वाटतं. सोडू नका. वुल्फ ३५९ हा तारा जवळपास त्याच दिशेला, ७.८६ प्रकाशवर्षांवर आहे. या चौकटीत उडी १७.९ दिवसांची, पण सूर्याच्या कालगणनेत जाताना १४.५ आणि येताना २१.४ दिवस. हा फरक अंतरावर अवलंबून असतो, यानाच्या वेगावर नाही. त्यामुळे वेग प्रकाशाच्या सुमारे ८१० पटींवर नेला, तर नेमक्या त्या दिशेला जाणारं यान सूर्याच्या कॅलेंडरप्रमाणे निघण्याआधीच पोहोचतं. घरी मात्र ते निघाल्यानंतरच परततं, म्हणून विरोधाभास होत नाही. तारखा लिहिताना कुठलं कॅलेंडर ते प्रत्येक वेळी नोंदवा.

सध्या सीमा वस्तुमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलण्याचं काम चालू आहे. बर्नार्डच्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.१६ पट, म्हणून सीमा २ एकक आणि टोकाचा प्रवास ४ दिवस. मालवाहतुकीचे तळ अशा तांबड्या खुज्या ताऱ्यांभोवतीच वाढतील. व्याध अडलाय: त्याची सीमा ७.२ एकक, श्वेतबटू (इंधन संपलेला लहान, दाट तारा) सोबत्याची ५, आणि दोघांमधलं अंतर ५० वर्षांच्या कक्षेत साधारण ८ ते ३१ एकक बदलतं. जवळ असताना दोन्ही सीमा एकमेकींत मिसळतात, तेव्हा व्याधाच्या ओळीला वर्षाचा वेगळा रकाना जोडावा लागेल.