पाठीवर पाच किलो, त्यातलं निम्मं ओलं

हलकी बॅग कशी भरायची याचे व्हिडिओ मी इतके बघितलेत की त्यातला माणूस पुढे काय बोलणार ते आता मला आधीच कळतं. बेडवर सगळं ओळीत मांडलेलं, टी-शर्टच्या गुंडाळ्या, तो मायक्रोफायबरचा एवढासा टॉवेल, आणि मग ते ठरलेलं वाक्य, रात्री बेसिनमध्ये धुवा, सकाळी कोरडं. सकाळी कोरडं म्हणे! एकदा भाद्रपदात गुहागर तालुक्यात ये म्हणावं आणि एक रुमाल वाळवून दाखव.

दुसरं म्हणजे हे बहुतेक सगळे बाप्ये लोक. आतल्या कपड्यांबद्दल यांचा सल्ला एका ओळीत उरकतो, तीन जोड पुरतात. पुरतील ना, वाळले तर. आपल्याकडे बायकांचे आतले कपडे कुठे वाळत घालतात, तर टॉवेलच्या खाली, ओढणीच्या आड, परकराच्या आत, म्हणजे जिथे ना ऊन पोचणार ना वारा. घरी ठीक आहे, दोन दिवस लागले तरी कपाटात आणखी असतात. प्रवासात तीन जोडांत भागवायचं तर हे लपवालपवीचं प्रकरण पहिल्याच मुक्कामाला अंगाशी येतं. यावर कोणी व्हिडिओ करत नाही, म्हणून मीच लिहितेय.

आम्ही निघालो गणपती झाल्यावर, पितृपक्षात. त्या दिवसांत कोकणात कोणी फिरकत नाही, चाकरमानी नुकतेच परतलेले असतात, खोल्या रिकाम्या आणि घरमालकही निवांत गप्पा मारायच्या मूडमध्ये. पाऊस मात्र गेलेला नसतो, तो आपला येऊनजाऊन असतो. माझी मैत्रीण आणि मी, दोघीच. सकाळच्या दिवा-सावंतवाडीने खेड, तिथून एसटीने दापोली, मग हर्णै, दाभोळची फेरीबोट, गुहागर आणि चिपळूणहून परत असा ढोबळ बेत. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून मी उगाचच जास्त एसटी फिरते हे कबूल आहे.

माझी सॅक ३० लिटरची, भरून ५ किलोच्या आत. जनरलच्या डब्यात बॅग मांडीवरच घ्यावी लागते त्यामुळे हे वजन माझ्या मांड्यांनी ठरवलंय, व्हिडिओंनी नाही. अंगावर एक, दोरीवर एक, बॅगेत एक या हिशोबाने तीन सेट. दोन कुर्ते मलमलसारखे पातळ सुती, तिसरा कुर्ता नाहीच, त्याऐवजी एक क्विक ड्राय टी-शर्ट, अकराशे रुपयांचा, एवढे पैसे मी आजवर एका टी-शर्टला कधी दिले नव्हते आणि त्याच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. जीन्स नाही म्हणजे नाही. जीन्स भिजली की पाय आपले वाटत नाहीत, आणि कंबरपट्टी नि खिशांच्या शिवणी तिसऱ्या दिवशीही गारच लागतात. टॉवेलच्या जागी दोन पंचे. पंचा अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, गाडीत खिडकीतून पाणी आलं तर मांडीवर, आणि मुख्य म्हणजे पिळायला: धुतलेला कुर्ता कोरड्या पंच्यात गुंडाळायचा, सुरळी करायची आणि तिच्यावर चक्क उभं राहायचं. निम्मं पाणी पंचा पितो. मग पंचा पिळून टाकायचा, तो पातळ असतो, तो बघून घेतो आपलं आपण.

सॅकच्या रेनकव्हरवर माझा राग आहे. ते तीन बाजूंनी झाकतं आणि पाठीकडची बाजू उघडी सोडतं, खांद्यावरून ओघळणारं पाणी नेमकं तिथूनच आत जातं. मी आत जाड काळी कचऱ्याची पिशवी लावते, सगळं तिच्यात घालून तोंड पिळून दुमडते, झालं. रेनकोटही नेत नाही. तिकडच्या दमट हवेत रेनकोट घालून चढ चढलात की बाहेरून कोरडे आणि आतून घामाने ओले, मग फरक काय पडला. छत्री बरी. कोकणातला म्हातारा माणूस ती लांब दांड्याची काळी छत्री मागे शर्टाच्या कॉलरला अडकवून दोन्ही हात मोकळे सोडून चालतो ना, त्याच्याइतकं हुशार गिअर मी अजून कुठल्या दुकानात बघितलेलं नाही. माझ्या कुर्त्याला कॉलर नसते हीच अडचण.

मैत्रीण मात्र ट्रॉली घेऊन आली. चार चाकांची, मोरपंखी. मी काही बोलले नाही, फक्त खेड स्टेशनवर तिच्याकडे एकदा बघितलं.

दापोलीकडचे दिवस छान गेले पण सांगण्यासारखं एवढंच की आसूदला केशवराजाच्या देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ इतकं होतं की गुळगुळीत झालेल्या सँडलवाल्यांनी तिथे जाऊच नये. सुपारीच्या बागेतली ती ओली सावली, खाली ओढ्याचा आवाज, सगळं मस्त, पण माझं अर्धं लक्ष पायाकडे. जांभ्याच्या पायरीवर रबरी सोलला नवीन खाचा हव्यात, बुटांचं तिथे काही काम नाही, ते एकदा भिजले की परत येईपर्यंत भिजलेलेच. आणि चामड्याचं काही नेलंत तर दोन रात्रींत बुरशी. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला, त्या वासाचं पाणी सँडलच्या पट्ट्यांत मुरलं ते घरी येऊन दोनदा धुतल्यावर गेलं. पट्ट्यांना आत स्पंजाचं अस्तर असलेले सँडल घेऊ नका, एवढं तरी ऐका.

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि गुहागर तालुक्यात वेळणेश्वरच्या अलीकडे एका वाडीत राहिलो. नाव मुद्दाम देत नाही, घरमालकीण आजींना फोनचा त्रास नको. रस्त्यापासून घरापर्यंत खाली उतरायला पाखाडी, साठसत्तर पायऱ्या तरी असतील. मोरपंखी ट्रॉलीचं एक टोक तिने, एक मी. चाकं हवेत गरगर फिरत होती.

दुसऱ्या दिवशी हेदवीला गेलो. दशभुज गणेशाचं दर्शन, मग बामणघळ. समुद्रालगतच्या कातळात अरुंद भेग आहे, भरतीला लाट आत घुसते, कोंडते आणि उसळून वर येते. आम्ही चांगल्या लांब उभ्या होतो, शहाण्यासारख्या, पण वारा आमच्याकडे होता आणि तुषार म्हणता म्हणता आम्ही खाऱ्या पाण्याने नखशिखांत न्हालो. वर पाऊस आला. म्हणजे मिक्स. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा अंगावरचं ओलं, आदल्या दिवशीचं दोरीवरचं ओलं, आणि बॅगेत उरलेला एकच सेट.

खारं पाणी अंगावर वाळू द्यायचं नसतं. कापडात मीठ राहिलं की ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, कपडा वाळल्यासारखा वाटतो आणि संध्याकाळी परत चिकट. म्हणून न्हाणीघरात गोड्या पाण्यातून सगळं दोनदा काढलं, पंच्यात पिळलं, पडवीत दोरी बांधली आणि वाळत घातलं. पुढे टी-शर्ट, मागे कुर्ते, आणि बाकीचं पंच्याच्या खाली, नेहमीच्या पद्धतीने. लाइट गेलेली होती त्यामुळे पंखा नाही. पडवीच्या पन्हाळीतून धो धो पाणी पडत होतं आणि दोरीपर्यंत बारीक शिंतोडे येत होते.

आजी कंदील घेऊन आल्या. दोरीपाशी उभ्या राहिल्या, टी-शर्टची बाही चिमटीत धरून बघितली.

“अगो, हे इथे वाळणारेत होय? सकाळी आहेत तस्से मिळतील.”

मी म्हटलं, आजी हे क्विक ड्राय आहे, लवकर वाळतं. (हे मी मराठीत समजावलं, तरी वाक्य मलाच कसंतरी वाटलं.)

“हवाच ओली आहे तर लवकर वाळून जाईल कुठे? आत आण.”

आणि याला उत्तर नाही हो. पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही हे खरंय, साध्या हवेत ते आपल्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरतं, सुती कापड ७-८ टक्के. पण धुतलेल्या कपड्याचं पाणी धाग्यांच्या मधे अडकलेलं असतं, ते उडून जायला बाहेर जागा लागते, आणि पावसाळी रात्री कोकणातल्या हवेत ती जागाच नसते. लेबलवर काहीही लिहा. ऊब दिली तरच हवा आणखी पाणी घेते.

स्वयंपाकघरात चुलीवर पाणी तापत होतं. वर आढ्याजवळ एक लांब बांबू आडवा टांगलेला, आजी म्हणाल्या ही सोवळ्याची वलणी, सासूबाईंच्या वेळची. सोवळ्याला कोणाचा हात लागू नये म्हणून एवढ्या उंच, कपडे काठीने चढवायचे नि काठीनेच उतरवायचे. आता रोजचं सोवळं राहिलं नाही पण वलणी आहे आणि काठीही आहे. आजींचं वय ऐंशीच्या घरात असावं, काठीच्या टोकावर माझा कुर्ता घेतला, एक झोका दिला आणि कुर्ता बांबूवर सरळ पसरला, एक सुरकुती नाही. मी तोंड उघडं टाकून बघत होते.

कुर्ते झाले, टी-शर्ट झाला, पंचे झाले.

“आणि ते?”

मी म्हटलं, ते असू दे आजी, ते मी बॅगेतच... 

“दे गो इकडे. ओलं घालून हिंडशील नि खाज सुटली की मग? गजकर्ण झालं की सहा महिने जात नाही.”

मी दिले. काय करणार. काठीच्या टोकावर एकेक, सासूबाईंच्या सोवळ्याच्या वलणीवर, माझे आणि मैत्रिणीचे मिळून सगळे, ओळीने, कशाच्याही आड नाही. खाली चुलीत आजींनी नारळाची सोडणं नि दोन करवंट्या सारल्या. मैत्रीण दारात उभी राहून हसत होती, आवाज न करता, खांदे हलत होते. मला मात्र घशाशी काहीतरी आलं, कारण मला वयात आल्यापासून कपडे आत वाळत घाल, खाली घाल, कोणाला दिसू देऊ नकोस हेच ऐकायची सवय, आणि हे सगळं सांगणाऱ्या बायका आजींपेक्षा वयाने कितीतरी लहान.

पहाटे चहाला गेले तर आजोबा नेमके त्या वलणीखाली पाटावर बसून बशीतून चहा पीत होते. वर आमचं सगळं. त्यांनी मान वर केली नाही, केली असेल तर मला कळलं नाही, म्हणाले, “पाऊस उघडला हो, आज गुहागरला जाऊन या.” मी मान हलवली आणि चहाच्या कपात बघत राहिले. 

सगळं कडकडीत वाळलं होतं. धुराचा वास होता, तो मला आवडतो, मैत्रिणीला नाही. पण टी-शर्टच्या डाव्या बाहीला एक भोक, मसुरीएवढं, गोल, कडा काळपट नि नखाला टणक लागणारी. रात्री करवंटी फुटली असणार आणि ठिणगी वर उडाली असणार. शेजारच्या सुती कुर्त्यावरही राख पडलेली, ती झटकली तर गेली, डागसुद्धा नाही. सुती कापड ठिणगीने करपतं, पॉलिस्टर वितळतं. पाण्याची बाटली ज्याची असते त्याच पीईटीचा हा धागा. आजींनी भोक नखाने खरवडून बघितलं आणि म्हणाल्या, “हे प्लॅस्टिक आहे होय! मग आधी नाही का सांगायचंस.” आणि रफू करून देते म्हणून सुई शोधायला लागल्या. वितळलेल्याला रफू होत नाही हे त्यांना पटेना. अकराशे रुपये. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, गुहागरच्या एसटीत मी अर्धा रस्ता त्या बाहीशी चाळा करत होते. मात्र पुढच्या वेळी तिसरं कापड सुतीच न्यायचं हे त्याच एसटीत ठरलं.

गुहागरला व्याडेश्वर, सुरूच्या झाडांतून समुद्र, भरपूर चालणं, एक रात्र. तिथल्या लॉजवर खोलीला एसी होता, एसीत कपडे बरे वाळतात, पण मी पंच्याखाली काही लपवलं नाही, सरळ खुर्चीच्या पाठीवर टाकलं. 

आता तक्रार. आजींनी निघताना पिशवी भरली. एवढ्या वजनाचा मी विचार करून, टूथब्रश मोजून बॅग भरलेली, आणि यांनी सोललेले सहा नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि एक काकडी, ती पिवळी मोठी तवसाची, एकटीच दीडेक किलोची असेल. नको म्हटलं तर राग, पैसे काढले तर जास्त राग. कोकणात कोणाकडे राहणार असाल तर जाताना बॅग अर्धी रिकामी ठेवा, ही जागा तुमची नसतेच. माझ्या सॅकमध्ये आमसुलांपलीकडे काही मावलं नाही. बाकी सगळं मोरपंखी ट्रॉलीत गेलं, चेन सहज लागली, आणि चिपळूणच्या प्लॅटफॉर्मवर मैत्रीण एका बोटाने ती ढकलत माझ्या पुढे चालत होती. दिवा स्टेशनचा जिना चढताना मात्र थांबली आणि म्हणाली, धर ग एक टोक, निम्मे नारळ तुझे आहेत.