कितला अ‍ॅव्हरेज देस?

माझी ‘स्मार्ट हायब्रिड’ आर्टिगा किती अ‍ॅव्हरेज देते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पाचोरा रस्त्यावर चहाला थांबलं, की गाडीच्या मागचं ‘स्मार्ट हायब्रिड’ वाचून कोणीतरी म्हणतंच, “भाऊ, कितला अ‍ॅव्हरेज देस?” आणि पाठोपाठ, “बॅटरीवर किती किलोमीटर जाते?”

एकही नाही. माझी पेट्रोलची आर्टिगा, १.५ लिटर इंजिन. सीटखाली जी लिथियम बॅटरी आहे ती १२ व्होल्टची, ६ अँपिअर-अवरची. गुणाकार करा, ७२ वॅट-तास. घरातला छताचा पंखा तासाभर फिरेल, संपली. ती काय सात माणसं ओढणार?

डायनॅमोच्या जागी बेल्टवर बसवलेली एक मोटर आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ती वीज तयार करते, गाडी उचलताना इंजिनाला हातभार लावते. हायवेला एका वेगात ऐंशीने निघालात, तर तिला फारसं कामच नाही. म्हणून धुळ्याला जाताना फायदा शोधू नका. तो गावातल्या थांबत-चालत रस्त्यावर आहे. गतिरोधक लांबून दिसला की मी पाय काढतो. पडद्यावर बाण बॅटरीकडे वळतो, आणि पुढे गाडी उचलताना तोच बाण उलटा फिरतो. जवळ जाऊन करकचून ब्रेक मारला, तर बरीचशी ताकद ब्रेकच्या उष्णतेतच जाते.

चाळीसगावचा कन्नड घाट उतरताना मामा हमखास म्हणतात, “न्यूट्रल कर, पेट्रोल वाचेल.” जुन्या कार्बोरेटरच्या जीपची सवय. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून पाय काढला की पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. शिवाय ब्रेक तापतात ते वेगळंच. बॅटरी एवढीशी असल्याने घाटात लवकर भरते, पुढचा उतार तिच्या कामाचा नाही.

रेल्वे फाटकावर न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप थांबतं. आपल्याकडे निम्मे लोक क्लचवर पाय ठेवूनच बसतात आणि मग म्हणतात, सिस्टीम चालत नाही. मे महिन्यात मात्र दोष त्यांचा नाही. एसीसाठी इंजिन मिनिटभरात पुन्हा सुरू होतं.

माझा आकडा, टाकी ते टाकी: जानेवारीत लिटरला १८ किलोमीटर, मेमध्ये १५. चहावाल्याला मी मेचा सांगतो. मामांना जानेवारीचा.